आयत्या उत्तरांनी भाषा येत नाही

ट्रॉयच्या उत्खननामुळे पुढे जगभर नाव झालेला हाइन्रिख श्लीमान तरुणपणी ॲम्स्टरडॅममधल्या एका व्यापारी पेढीत कारकून होता. १८४४ नंतर केव्हातरी त्याने रशियन शिकायचे ठरवले, तेव्हा त्या शहरात ती भाषा शिकवणारा कोणी त्याला मिळाला नाही. हाताशी होते ते एक जुने व्याकरण, एक शब्दकोश आणि एका फ्रेंच कादंबरीचे सुमार रशियन भाषांतर. ते भाषांतर त्याने पाठ करायला घेतले, स्वतःच्या मनाने रशियनमध्ये गोष्टी रचून त्याही पाठ केल्या, आणि हे सारे म्हणून दाखवण्यासाठी पैसे देऊन एक श्रोता ठेवला. हा गृहस्थ रोज संध्याकाळी दोन तास समोर बसून ऐकत असे, मात्र त्याला स्वतःला रशियनचा एक शब्दही कळत नव्हता. श्लीमानच्या चढ्या आवाजाला कंटाळून इतर भाडेकरूंनी तक्रारी केल्या आणि त्याला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले, असे त्यानेच आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. स्वतःविषयी तिखटमीठ लावून सांगण्याची त्याला खोड होती, त्यामुळे सहा आठवड्यांत रशियन पत्र लिहिता येऊ लागले हा त्याचा दावा मी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. परंतु काहीही न कळणारा श्रोता पैसे मोजून आणून बसवण्यामागची त्याची समज मला आजच्या अनेक चकचकीत साधनांमागच्या समजेपेक्षा पक्की वाटते. समोर माणूस बसला की पुस्तक मिटावे लागते, आणि पुस्तक मिटले की वाक्य स्वतःच्या आतून काढावे लागते.

परभाषेच्या स्वाध्यायाची साधने आज जेवढी उपलब्ध आहेत तेवढी पूर्वी कधीच नव्हती, हे खरे आहे. ती असण्याची कल्पना मात्र जुनी आहे. बर्लिनमध्ये गुस्ताव्ह लांगेनशाइट याने १८५६ मध्ये फ्रेंच शिकवणारे टपालपाठ काढले आणि त्यांत उच्चार दाखवण्यासाठी स्वतंत्र चिन्हपद्धती वापरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिंग्वाफोन या कंपनीने ध्वनिमुद्रणे घरात आणली, आणि १९२९ मध्ये फ्रान्समध्ये असिमिल ही स्वाध्यायाची पुस्तके काढणारी प्रकाशनसंस्था सुरू झाली. टपाल, तबकडी, कॅसेट, संगणक आणि आता खिशातला फोन, अशी माध्यमे बदलत गेली. ‘शिक्षकाविना, सहज, थोड्याच काळात’ हे आश्वासन मात्र शब्दशः तेच राहिले. हा प्रश्न केवळ हौशी लोकांच्या आवडीनिवडीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा देशांतर करावे लागल्यामुळे प्रौढ वयात परभाषा शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना वर्ग व शिक्षक देण्याऐवजी एखाद्या ॲपचे वर्गणीदार करून दिले की आपले कर्तव्य संपले असे संस्थांना वाटू लागले आहे. म्हणून ही साधने नेमके काय शिकवतात, हे तपासणे आवश्यक ठरते. माझे म्हणणे असे आहे की, भाषा शिकवणारे साधन ज्या कष्टातून आपली सुटका करते तो कष्ट बहुधा शिकण्याचाच भाग असतो. म्हणून साधनाची पारख करताना ते काय पुरवते याबरोबरच ते आपल्या हातून काय काढून घेते, हेही पाहिले पाहिजे.

बहुतेक ॲपमधला नेहमीचा प्रश्न डोळ्यांपुढे आणावा. वर आपल्याला कळणाऱ्या भाषेतले एक वाक्य, खाली परभाषेतले सात-आठ शब्द विखुरलेले. त्यांतले हवे ते उचलून ओळीने मांडायचे. उत्तर बरोबर आले की आनंदी आवाज होतो आणि गुण वाढतात. येथे शिकणाऱ्याने केलेले काम म्हणजे ओळखणे. शब्द त्याच्या समोर होता. क्रम लावताना एखादा शब्द उरला तर तो चुकीचा, एवढे तर्काने कळते. प्रत्यक्ष बोलताना शब्दांच्या फरशा कोणी समोर मांडून ठेवत नाही. मी स्वतः एका ॲपवर सव्वा वर्ष एकही दिवस न चुकवता जर्मन शिकलो. त्यानंतर पहिल्यांदाच एका जर्मन भाषकाशी गाठ पडली आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: किती दिवसांपासून शिकता आहात? प्रश्न मला कळला. उत्तरासाठी लागणारा ‘झाइट’ हा शब्द, म्हणजे आपला ‘पासून’, मी शेकडो वेळा बरोबर ओळखला होता. पण त्या क्षणी तो आला नाही, आणि जे वाक्य मी कसेबसे जुळवले त्यातला काळही चुकला. तो काळ का चुकला, ते पुढे सांगतो.

ओळखणे आणि आठवणे यांतल्या फरकाविषयी मानसशास्त्रात पुरेसे काम झालेले आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना गद्य उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, तर काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत फेरवाचन करणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. यातली मेख अशी की, आपल्याला हे चांगले लक्षात राहील असा आत्मविश्वास फेरवाचन करणाऱ्यांनाच अधिक होता. ज्या पद्धतीने शिकणे सोपे वाटते ती पद्धत आपल्याला फसवते, आणि साधन बनवणाऱ्याचा धंदा तर शिकणे सोपे वाटण्यावरच चालतो. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. वापरणारा उद्या परत यावा एवढीच त्यांची इच्छा असते, आणि अडखळलेला माणूस परत येण्याची शक्यता कमी असते.

स्मरणाच्या बाबतीत मात्र एक साधन खरोखर उपयोगी पडते, आणि त्याची वंशावळ सांगण्याजोगी आहे. हर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून आणि स्वतःच विसरून विस्मरणाचा वेग मोजला व १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते, आणि एकदाच खूप वेळ घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हे त्याच्या कामातून दिसले. पॉल पिम्स्लर याने १९६७ मध्ये या अंतरांचे एक वेळापत्रकच मांडले: पाच सेकंद, पंचवीस सेकंद, दोन मिनिटे, दहा मिनिटे, असे वाढत वाढत ते दोन वर्षांपर्यंत जाते. जर्मन लेखक झेबास्टियान लाइटनर याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच काम पुठ्ठ्याच्या खोक्याने करून दाखवले. खोक्यात कप्पे करायचे, बरोबर आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली थेट पहिल्या कप्प्यात, आणि पुढचा कप्पा मागच्यापेक्षा उशिरा उघडायचा. पोलंडमधल्या प्योत्र वोझ्नियाक याने १९८७ मध्ये हे गणित संगणकावर आणले आणि २००६ मध्ये आलेल्या आंकी या कार्यक्रमाने ते कोणालाही मोफत वापरता येईल असे केले. जपानी भाषेत ‘आंकी’ म्हणजे पाठांतर. नाव ठेवणाऱ्याने निदान आडपडदा ठेवला नाही.

या साऱ्या साखळीत मला आवडणारी गोष्ट अशी की, येथे यंत्र फक्त ‘केव्हा’ एवढेच ठरवते. आठवण्याचे काम शिकणाऱ्याकडेच राहते. कार्डाच्या एका बाजूला मराठी शब्द किंवा वाक्य, दुसऱ्या बाजूला परभाषा. उलटण्यापूर्वी उत्तर मोठ्याने म्हणायचे. हे कंटाळवाणे आहे आणि तसेच असायला हवे. पण याही साधनातून कष्ट वजा करण्याची सोय लोकांनी शोधून काढली आहेच. दुसऱ्याने बनवलेला पाच हजार शब्दांचा तयार गठ्ठा उतरवून घेतला की आपली अर्धी मजल झाली, असे नवख्याला वाटते. वास्तविक एखादा शब्द आपल्याला कोठे भेटला, त्याच्या शेजारी कोण होते, आपण त्याचा अर्थ आधी काय समजलो होतो, हे ठरवून स्वतःच्या हाताने कार्ड लिहिणे हाच पहिला धडा असतो. परक्याच्या गठ्ठ्यातला शब्द म्हणजे आगापिछा नसलेला पाहुणा. तो आला काय आणि गेला काय. तशीच दुसरी लबाडी म्हणजे कार्ड उलटल्यावर ‘हे तर मला येतच होते’ असे म्हणून ‘सोपे’ हे बटण दाबणे. ती यंत्राला पकडता येत नाही.

आता वेळेचा हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परभाषा शिकवते आणि कोणत्या भाषेला किती तास लागतात याचे अंदाज अनुभवावरून देते. कामकाजाला पुरेल एवढ्या प्रावीण्यासाठी स्पॅनिशला सुमारे ६०० ते ७५० तास आणि जपानीला सुमारे २२०० तास, तेही वर्गातले. घरचा अभ्यास वेगळा. ‘दिवसाला फक्त १५ मिनिटे’ या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्याचे वर्षाला जेमतेम ९१ तास होतात. या गतीने स्पॅनिशला सात-आठ वर्षे आणि जपानीला चोवीस वर्षे लागतील. पंधरा मिनिटे वाईट नाहीत. पण त्यांच्या जोरावर दिले जाणारे आश्वासन गणितात बसत नाही, आणि हे गणित कोणत्याही जाहिरातीत दाखवले जात नाही.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जिच्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. हे तास इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत. जपानी ‘अतिकठीण’ गटात पडते ती इंग्रजीपासून मोजलेल्या अंतरामुळे. तीच यादी आपण मराठीभाषक डोळे मिटून आपली मानतो, कारण आपली साधनेही इंग्रजीतूनच येतात. मराठीतून थेट जर्मन, जपानी किंवा स्पॅनिश शिकवणारी साधने फारच थोडी असल्यामुळे आपण इंग्रजीच्या पुलावरूनच पलीकडे जातो, आणि त्या पुलाचा टोल नकळत भरत राहतो. माझ्या वर सांगितलेल्या फजितीचे कारण हेच होते. ‘मी वर्षभरापासून जर्मन शिकतो आहे’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो. जर्मन माणूसही वर्तमानकाळातच म्हणतो: ‘इश लेर्न झाइट आइनेम यार डॉइच’. इंग्रजीला मात्र तेथे निराळा, पूर्णत्व दाखवणारा काळ लागतो. सव्वा वर्ष इंग्रजी वाक्यांवरून जर्मन वाक्ये जुळवल्यामुळे, मराठीत सरळ असलेली वाट सोडून मी इंग्रजीच्या वळणाने गेलो आणि अकारण चुकलो.

अशी उदाहरणे शोधू लागलो तसतशी वही भरत गेली. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणजे मला पुस्तक आवडते, आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे मला पुस्तके आवडतात. आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलते आणि माणूस चतुर्थीत जातो, हे इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांना सविस्तर समजावून सांगावे लागते. मराठी माणसाला त्यात समजावण्यासारखे काही नाही. जर्मन ‘मिर इस्ट काल्ट’ हे शब्दशः ‘मला थंड आहे’ असेच होते. जपानीत ‘वाताशी वा तोशोकान दे होन ओ योमिमासु’ म्हणजे ‘मी ग्रंथालयात पुस्तक वाचतो’. क्रियापद शेवटी येते, स्थळ दाखवणारे अव्यय नामाच्या मागून येते, आणि शब्दांचा क्रम जसाच्या तसा जुळतो. फरक एवढाच की विषय दाखवणारे ‘वा’ आणि कर्म दाखवणारे ‘ओ’ तेथे वेगळे लिहावे लागते. अर्थात लिपीचा डोंगर आपल्यालाही चढावा लागतोच. त्यात मराठीची कसलीही सवलत मिळत नाही.

उच्चारांत तर हा तोटा अधिक ठळक होतो. जपानी ‘त्सु’ आणि जर्मन ‘त्साइट’ यांतला आरंभीचा ध्वनी इंग्रजी भाषकाला शब्दाच्या सुरुवातीला अवघड जातो, म्हणून पुस्तके त्यासाठी निरनिराळ्या युक्त्या सांगतात. मराठीत तो ‘चाक’ आणि ‘चूल’ या शब्दांतला च आहे, आणि तो आपण बोलायला लागल्यापासून उच्चारतो आहोत. चिनी भाषेच्या रोमन लेखनात ‘ब’ आणि ‘प’ ची अक्षरे ज्या जोडीसाठी वापरतात ती जोडी घोष आणि अघोष अशी नसून अल्पप्राण आणि महाप्राण अशी आहे, म्हणजे आपल्या प आणि खऱ्या, ओठ मिटून म्हटलेल्या फ च्या जवळची. इंग्रजीत या भेदाने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून इंग्रजी भाषकाला ‘ब’ वर काम चालवायला सांगतात. आपल्याला बाराखडीबरोबर मिळालेला भेद आपण त्या पुस्तकामुळे बाजूला ठेवून देतो. मातृभाषा सगळीकडे मदतच करते असे नाही. जर्मनला आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत म्हणून हायसे वाटते न वाटते तोच सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी निघते. चिनीतले सूर आणि जर्मन-फ्रेंचमधले ओठ गोल करून काढायचे पुढचे स्वर आपल्यापाशी नाहीतच. पण कोठे मदत होते आणि कोठे दगा बसतो, हे ताडून पाहणे हीच भाषा शिकण्यातली मोठी बौद्धिक क्रिया आहे, आणि दुसऱ्याच्या मातृभाषेसाठी बेतलेले साधन ती क्रिया आपल्यासाठी करू शकत नाही. आपल्याला ती करायची आहे याची आठवणही ते देत नाही. मराठीच्या ठिकाणी बाजारपेठ म्हणून लहान मानली जाणारी कोणतीही भाषा ठेवली तरी हेच म्हणता येईल.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मूल कोठे व्याकरण ताडून पाहते? ते नुसते ऐकते आणि बोलू लागते; मग आपणही भरपूर ऐकावे, वाचावे आणि भाषा आपोआप येऊ द्यावी. स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या, कळण्याजोग्या भाषेच्या संपर्कानेच भाषा आत्मसात होते या सिद्धांताला स्वाध्यायींमध्ये जे प्रेम मिळाले त्याचे एक कारण तो बराचसा खरा आहे हे आहे, आणि दुसरे कारण तो आरामाचा आहे हेही आहे. त्याच दशकात, १९८५ मध्ये, मेरिल स्वेन यांनी कॅनडातल्या अशा मुलांकडे लक्ष वेधले जी शाळेतले विषय अनेक वर्षे फ्रेंचमधून शिकत होती. त्यांचे आकलन उत्तम होते. परंतु बोलण्या-लिहिण्यातले व्याकरण फ्रेंच मुलांच्या मानाने बरेच मागे राहिले होते. समजण्यासाठी संदर्भ पुरतो, पण बोलताना प्रत्येक प्रत्ययाचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय घेण्याची वेळच आली नाही तर उणीव उघडी पडत नाही.

वाचनाची थोरवी मला मान्यच आहे. हंगेरियन दुभाषी लोंब कातो (१९०९–२००३) हिने १९४१ मध्ये रशियन शिकायला घेतली ती एक कादंबरी आणि शब्दकोश एवढ्यावर. पुढे तिने सोळा भाषांतून काम केले. कादंबरी वाचताना प्रत्येक अडलेल्या शब्दाशी थांबू नये, जो शब्द महत्त्वाचा आहे तो पुन्हा भेटेलच, हा तिचा उपदेश फार शहाणपणाचा आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाप्रमाणे इंग्रजीतला सर्वसाधारण मजकूर आधाराशिवाय वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे यांचे गट, माहीत असावी लागतात. एवढे शब्द कार्डांवरून गोळा करणे अशक्य नसले तरी वेडेपणाचे आहे, ते पुस्तकांतूनच यायला हवेत. पण लोंब कातोला केवळ वाचनाची पुरस्कर्ती ठरवणारे तिची दुसरी सवय सांगायचे विसरतात: ती शिकत असलेल्या भाषेत स्वतःशीच बोलत असे. श्लीमानने श्रोता विकत घेतला, हिने तो स्वतःतच शोधला.

उच्चाराच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर, एकाच गोड आवाजातल्या पाठांवर अवलंबून राहू नये. र आणि ल यांतला इंग्रजी भेद जपानी प्रौढांना ऐकू यावा यासाठी १९९१ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात अनेक वक्त्यांचे आवाज वापरले होते, आणि त्या सरावाचा लाभ न ऐकलेल्या शब्दांपर्यंत पोहोचला. एकाच वक्त्याचा आवाज वापरलेल्या पुढच्या प्रयोगात तो परक्या आवाजांपर्यंत तसा पोहोचला नाही. वेगवेगळ्या माणसांनी उच्चारलेला एकच शब्द ऐकवणारी संकेतस्थळे त्यामुळे मला पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफितीपेक्षा अधिक मोलाची वाटतात.

सगळ्यात अवघड प्रश्न नव्या संवादी यंत्रांचा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि स्वाध्यायींची शतकभराची तक्रार, म्हणजे ‘बोलायला कोणी नाही’, एका फटक्यात मिटल्यासारखी झाली. कोणत्याही वेळी, न कंटाळता, लाज न आणता बोलणारा आणि चूक दाखवणारा सोबती मोफत किंवा अल्प दरात मिळतो, ही गोष्ट क्षुल्लक नाही. ज्यांना शिक्षक परवडत नाही त्यांच्यासाठी तर ती फार मोठी आहे. तरीही हे साधन मी सर्वांत जपून वापरतो. श्लीमानच्या श्रोत्याला काहीच कळत नव्हते. या श्रोत्याला सगळेच कळते. मोडक्यातोडक्या, विभक्ती हुकलेल्या, निम्म्या इंग्रजी वाक्याचाही अर्थ तो अचूक ताडतो आणि संभाषण पुढे नेतो. प्रत्यक्षात माणूस गोंधळतो, भुवया उंचावतो, ‘काय म्हणालात?’ असे विचारतो, आणि त्या क्षणी आपल्याला वाक्य पुन्हा, निराळ्या रीतीने बांधावे लागते. तो अडथळाच यंत्राने दूर केला आहे. त्याहून मोठा मोह म्हणजे आपल्या मनातले मराठीत सांगून ‘हे फ्रेंचमध्ये लिहून दे’ म्हणण्याचा. मजकूर सुरेख होतो. आपण मात्र जेथे होतो तेथेच राहतो. या यंत्राला उत्तर न देता केवळ चुकीची जागा दाखवायला सांगावे, दुरुस्ती आपण करावी आणि मग ती तपासून घ्यावी, एवढा नियम पाळला तर ते उत्तम शिक्षक होऊ शकते. नियम पाळण्याची जबाबदारी पुन्हा आपल्यावरच येते.

येथे कोणी म्हणेल की, दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाला कष्टांचे महत्त्व सांगणे फार सोपे आहे. सलग दिवसांची साखळी, गुण, पदके यांमुळे तो रोज निदान भाषेच्या दारापर्यंत तरी येतो. ते नसते तर आलाही नसता. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि सवय लावण्याच्या बाबतीत या ॲपनी जे साधले ते पुष्कळ पाठ्यपुस्तकांना साधले नाही. नुसत्या करमणुकीसाठी कोणी शिकत असेल तर त्याला शहाणपण शिकवण्याचा मला अधिकारही नाही. पण ज्याला खरोखर बोलायचे आहे त्याच्याकडून मी अधिक वेळ मागत नाही. त्याच वीस मिनिटांतली दहा मिनिटे फोन उपडा ठेवून काल वाचलेले मोठ्याने सांगण्यात घालवावीत, एवढेच म्हणतो. साखळी तुटली म्हणून हळहळणाऱ्या किती जणांना कालचे एक वाक्य न पाहता सांगता येते, हे त्यांनी स्वतःशीच पडताळून पाहावे.

आणि यातूनच सार्वजनिक जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. आपण जे मोजतो तेच लोक शिकतात. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संदर्भचौकटीत ए१ पासून सी२ पर्यंतच्या पायऱ्या ‘काय करता येते’ या भाषेत लिहिल्या आहेत: स्वतःची ओळख करून देता येते, आपले मत कारणांसह मांडता येते, इत्यादी. याच्या उलट, १९८४ पासून घेतली जाणारी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासते, आणि तेही पर्यायांतून निवड करायला लावून. तीत बोलणे आणि लिहिणे नाही. इतक्या देशांत, इतक्या उमेदवारांची परीक्षा घ्यायची तर असे करावे लागत असेल, हे समजण्यासारखे आहे. पण त्या प्रमाणपत्रावर नोकरी देणाऱ्याने त्यात ओळखणे मोजले आहे, आठवणे नाही, एवढे तरी ध्यानात ठेवावे. भाषाशिक्षणासाठी जो सार्वजनिक पैसा खर्च होतो, तोही ॲपच्या वर्गण्यांवर जाण्यापेक्षा बाजार जे बनवणार नाही त्यावर गेला पाहिजे. मराठी आणि जर्मन, मराठी आणि जपानी अशा थेट जोड्यांचे कोश हवेत, पायरीपायरीने अवघड होत जाणारी वाचनपुस्तके हवीत, नाना वयाच्या माणसांच्या आवाजातली मोफत ध्वनिमुद्रणे हवीत, आणि आठवड्यातून एक तास शिकणाऱ्यांनी एकमेकांसमोर बसून अडखळत बोलण्यासाठी ग्रंथालयात एक खोली हवी. यांतल्या कशालाही मोठे तंत्रज्ञान लागत नाही.

तोपर्यंत वही आहेच. माझ्या जर्मनच्या वहीत आता प्रत्येक पानावर दोन रकाने असतात, आणि डाव्या रकान्यात इंग्रजी कोठेही नाही. पहिल्या पानावर डावीकडे ‘मी वर्षभरापासून जर्मन शिकतो आहे’ हे वाक्य लिहिले आहे. उजवा रकाना मी हाताने झाकतो आणि ते मोठ्याने म्हणतो. अजूनही चारांतून एकदा ‘यार’ च्या आधीचा प्रत्यय चुकतो.